विहिरीचा केसपेपर

तुमच्या गावच्या विहिरीत आज पाणी किती फुटांवर आहे? मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं? बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. "चांगलं होतं" किंवा "एवढं खाली नव्हतं" इतकंच आपण सांगू शकतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण गावाशेजारी खाण सुरू झाली आणि विहिरीचं पाणी खाली गेलं, तर "एवढं खाली नव्हतं" या वाक्याला काहीच किंमत उरत नाही. आमच्या भागात हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरला आले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सासरचं घर तंजावरी मराठी. साडेतीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहून या मराठीला स्वतःची चाल आली आहे. सुरुवातीला सासूबाई बोलायच्या ते मला अर्धंच कळायचं आणि माझं बोलणं त्यांना पुस्तकी वाटायचं. मी एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून काम करते. रक्ताच्या बाटल्या, रिपोर्ट आणि केसपेपर यांतच माझी वर्षं गेली. विहिरींशी माझा संबंध आला तो सासऱ्यांच्या पश्चात, वल्लमच्या पुढे असलेल्या आमच्या अडीच एकर जमिनीमुळे.

तंजावर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात हिरवीगार भातशेतं, कावेरीचे फाटे आणि मोठं देऊळ. ते खरंच आहे, पण ते शहराच्या पूर्वेचं आणि उत्तरेचं चित्र. पश्चिमेला आणि नैऋत्येला वल्लमकडे निघालात की जमीन हळूहळू वर चढते आणि माती लाल होते. तिच्याखाली आपल्या कोकणात असतो तसा जांभा आणि मुरूम लागतो. पहिल्यांदा ती माती पाहिली तेव्हा मला रत्नागिरीचीच आठवण झाली. याच वल्लमच्या परिसरात पूर्वी स्फटिक सापडायचे आणि त्यांपासून चष्म्याची भिंगं घडवली जायची.

खालच्या गाळाच्या प्रदेशात कठीण दगड नाही. 1010 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या बृहदीश्वर मंदिराचा ग्रॅनाइटसुद्धा पन्नासेक किलोमीटरवरून आणला असावा, असं अभ्यासक सांगतात. त्यामुळे आजही रस्त्याला, भरावाला, घराच्या जोत्याला काही हवं असलं की लोक या लाल उंचवट्याकडे वळतात. मुरूम इथूनच जातो. खडी आणि दगड आणखी दक्षिणेकडून, पुदुक्कोट्टैच्या बाजूने येतात. तमिळमध्ये या सगळ्या खाणींना सरसकट 'क्वारी' म्हणतात.

पण हा उंचवटा नुसता मुरमाचा साठा नाही. पावसाचं पाणी आधी इथे पडतं, मुरतं आणि मग उताराने खाली जातं. नायक राजांच्या काळात शहराच्या पश्चिमेला सेवप्पनायकन तळं बांधलं गेलं. उंचवट्यावरून येणारं पाणी तिथे अडवायचं, गाळ बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी देवळाशेजारच्या शिवगंगा तळ्यात सोडायचं, अशी ती व्यवस्था होती. वरच्या पाण्याची वाट मोकळी राहिली तरच खालचं तळं भरणार, हे तेव्हाच्या लोकांना नीट ठाऊक होतं.

"पूर्वी किती होतं?"

2022 च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एक बैठक झाली. तिथे काही वर्षांपूर्वी मुरमाची खाण निघाली होती आणि नंतर विहिरी आटल्याची लोकांची तक्रार होती. आमच्या गावातही लवकरच खाणीला परवानगी मिळणार अशी कुणकुण होती, म्हणून आम्ही काही जण ऐकायला गेलो.

लोक तळमळून बोलत होते. एका बाईंनी रोज तीन फेऱ्या करून पाणी आणावं लागतं ते सांगितलं. एका शेतकऱ्याने दोनदा बोअर खणून कर्ज कसं झालं ते सांगितलं. खाणवाल्याकडून आलेल्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "खाण सुरू व्हायच्या आधी तुमच्या विहिरीत पाणी किती फुटांवर होतं?"

एका वृद्ध गृहस्थांनी दोन्ही हात पसरून दाखवलं, "इतकं." कुणी पंधरा फूट म्हणालं, कुणी वीस. दोघा भावांनी एकाच विहिरीचे दोन आकडे सांगितले. तो माणूस म्हणाला, "पाऊस कमी झाला, त्याला आम्ही काय करणार?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. लोक खोटं बोलत होते असं मला मुळीच वाटलं नाही. पण त्यांच्याकडे कागद नव्हता.

माझ्या कामात हे रोजचंच आहे. रुग्ण म्हणतो, "मला आधी साखर नव्हती." डॉक्टर म्हणतात, "जुना रिपोर्ट दाखवा." जुना रिपोर्ट असला की बोलणं पुढे सरकतं, नसला की तिथेच अडतं. परतताना बसमध्ये मनात आलं, की विहिरीचा केसपेपर का असू नये? आणि तो विहीर आजारी पडल्यावर कशाला काढायचा, ठणठणीत असतानाच काढला तर?

तंजावरला अशा नोंदींची परंपराही आहे. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास 1803 सालचा आहे. तो कोरवून घेतला दुसऱ्या सरफोजीराजांनी. त्याच राजांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. रोगी कोण, तक्रार काय, उपचार कोणता आणि गुण किती, असं सगळं लिहिलेलं, सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या जपल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी एका डोळ्याचा केसपेपर निघत होता, तर आज विहिरीचा काढायला काय हरकत आहे?

चार विहिरी, एक टेप, थोडा खडू

जून 2022 मध्ये आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी, शेजारच्या शेताचे मालक आणि त्यांची आठवीतली नात. शेजाऱ्यांना सगळं गाव आदराने 'पेरियवर' म्हणतं. पेरियवर म्हणजे थोरले, वडीलधारे. त्यांचा या उद्योगावर फारसा विश्वास नव्हता. "अम्मा, विहीर बघितली की मला कळतं," असं ते म्हणायचे. पण नातीला गणित आवडतं म्हणून तेही सोबत आले.

आधी विहिरी निवडल्या. एक आमची, गावच्या तळ्याच्या खालच्या अंगाला. दुसरी देवळाची, तीही तळ्याच्या खालीच. तिसरी जिथे खाण होणार होती तिथून सर्वांत जवळची. आणि चौथी दोन किलोमीटर दूर, जिच्या आसपास खाण निघण्याची शक्यता नव्हती. या चौथ्या विहिरीवरून पेरियवर हसले. "तिथे काही होणारच नाही, मग कशाला मोजायची?" मी म्हटलं, "काही होणार नाही म्हणूनच." लॅबमध्ये आम्ही रोग्याच्या नमुन्याबरोबर एक ठाऊक असलेला नमुनाही तपासतो, त्याला कंट्रोल म्हणतात. पाऊस कमी झाला तर चारही विहिरी खाली जातील. खाणीमुळे काही झालं तर खाणीच्या बाजूच्या जातील आणि दूरची जाणार नाही. "पाऊस कमी झाला" या वाक्याचं खरंखोटं ती दूरची विहीरच करणार होती.

मोजायची पद्धत अगदी साधी आहे. दोरी ओली झाली की ताणते, म्हणून दोरी नको, पोलादी टेप हवी. टेपच्या टोकाला छोटं वजन बांधायचं आणि शेवटच्या दोन-तीन फुटांना खडू फासायचा. टेप पाण्यात थोडी बुडेपर्यंत सोडायची आणि कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेशी एक पूर्ण आकडा धरायचा. वर काढल्यावर खडू कुठपर्यंत भिजला ते स्पष्ट दिसतं. धरलेल्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा केली की पाणी किती खोल आहे ते कळतं. भूजलाचे अभ्यासक पूर्वीपासून असंच मोजत आले आहेत.

दोन नियम मात्र कडक पाळायचे. पहिला, खूण कायमची हवी. आम्ही चारही कठड्यांवर लाल रंगाचा ठिपका दिला. कठडा सगळीकडे एका उंचीचा नसतो. आज इथून आणि उद्या तिथून मोजलं तर अर्ध्या फुटाचा फरक नुसता कठड्याचाच येतो. दुसरा, वेळ पहाटेची हवी, पंप सुरू व्हायच्या आधीची. तमिळनाडूत शेतीच्या पंपाला वीज फुकट आहे, त्यामुळे दिवस उजाडला की सगळीकडे उपसा सुरू होतो. उपसा चालू असताना घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, पंपाचा असतो.

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मोजू लागलो. वहीत तारीख, वेळ, विहीर, आकडा आणि शेरा असे रकाने. शेऱ्यात काहीही चालतं: "काल रात्री जोराचा पाऊस", "शेजारी नवी बोअर", "कालव्याला पाणी आलं". पुढे याच रकान्याने सर्वांत जास्त कामगिरी केली.

पहिल्या काही महिन्यांत एक गोंधळ पुन्हा पुन्हा झाला. आकडा वाढला की गावातले लोक खूश व्हायचे, "वा, पाणी वाढलं!" पण आम्ही कठड्यापासून खाली मोजत होतो. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. शेवटी पेरियवरांच्या नातीने तोडगा काढला. तिने आलेख उलटा काढला, शून्य वर आणि तीस खाली. रेघ खाली गेली की पाणी खाली गेलं. तो कागद चहाच्या टपरीवर लागला आणि मग कुणाला समजावावं लागलं नाही.

आमचा ऑगस्ट वेगळा

खाणींना पर्यावरण परवानगी देताना भूजल मोजण्याची अट घातली जाते. साधारणपणे वर्षातून चार वेळा मोजायचं असतं. पावसाळ्यापूर्वी एप्रिल-मे, पावसाळ्यात ऑगस्ट, पावसाळ्यानंतर नोव्हेंबर आणि हिवाळ्यात जानेवारी. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींचं वेळापत्रकही बरंचसं असंच असतं. माझ्या माहेरी, साताऱ्यात, हे अगदी बरोबर बसतं.

तंजावरला बसत नाही. इथला मुख्य पाऊस परतीच्या वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाचा जवळपास अर्धा पाऊस या तीन महिन्यांत पडतो. ज्या नोव्हेंबरला कागदावर 'पावसाळ्यानंतर' म्हणतात, तो इथे भर पावसाळा असतो. आणि ऑगस्टमध्ये विहिरीला पाणी वाढलेलं दिसलं तर ते बऱ्याचदा आभाळातलं नसतं, मेट्टूरचं असतं.

मेट्टूर धरण 1934 सालचं. त्याच सुमाराला कल्लणै बंधाऱ्यापासून निघणारा नवा कालवा या उंच भागाकडे आला. लोक त्याला 'पुदु आरू' म्हणजे नवी नदी म्हणतात. मेट्टूरचं पाणी सोडण्याची ठरलेली तारीख 12 जून. पण 2022 मध्ये ते 24 मे रोजीच सुटलं, 2023 मध्ये 12 जूनला आणि 2024 मध्ये थेट जुलैच्या शेवटी. कालवा भरला की त्याच्या आजूबाजूच्या विहिरी वर येतात. हे ध्यानात न घेता दोन वर्षांचे ऑगस्ट शेजारी ठेवले, तर खाणीचा परिणाम लपेलही किंवा नसलेला परिणाम दिसेलही. म्हणून आम्ही दर महिन्याला मोजलं, आणि तुलना करायला जानेवारी धरला. तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि विहिरी भरलेल्या असतात.

दोन्ही बाजूंचं चुकलं

मे 2023 मध्ये आमच्या गावात खाण सुरू झाली. गावातली काही तरुण मुलं तिथे लॉरीवर लागली. त्यांच्या घरी महिन्याला पैसे येऊ लागले, हेही सांगायला हवं. खाण म्हणजे फक्त संकट, असं गावात प्रत्येकाला वाटत नव्हतं.

जानेवारी 2024 मध्ये आम्ही मोजलं आणि मी दोनदा टेप सोडली. आमच्या विहिरीत वर्षापूर्वी 11 फुटांवर पाणी होतं, ते 19 वर गेलं होतं. देवळाची विहीर 7 फूट खाली गेली होती. गाव चिडलं. पेरियवर म्हणाले, "सांगितलं होतं ना, क्वारी पाणी पिते." काहींनी लॉऱ्या अडवायचं ठरवलं. लॉरीवरची मुलं आणि शेतकरी एकमेकांसमोर उभे राहायची वेळ आली. खाणीच्या माणसाचं उत्तर तेच होतं, "पाऊस कमी झाला."

मग आम्ही वही उघडली. दूरची चौथी विहीर 14 फुटांवरून 17 वर गेली होती. म्हणजे पाऊस कमी झाला हे खरंच होतं, पण त्याचा हिशेब तीन फुटांचा. आमच्या विहिरीचे उरलेले पाच फूट पावसाने नेले नव्हते.

पण खरं आश्चर्य पुढे होतं. खाणीला सर्वांत जवळची विहीर 16 वरून 18 वर, म्हणजे फक्त दोन फूट खाली गेली होती. खाण पाणी ओढत असती तर सर्वांत आधी तीच आटायला हवी होती. मुरमाची खाण उथळ असते. आमच्याकडच्या खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीपर्यंत पोचलाही नव्हता. मग खाणीपासून लांब असलेल्या आमच्या दोन विहिरीच का आटल्या?

त्या दोघींत एकच गोष्ट सारखी होती. दोन्ही तळ्याच्या खाली. नातीने शेऱ्यांचा रकाना मागे चाळत नेला. नोव्हेंबर 2022 च्या पुढे लिहिलं होतं, "तळं भरलं, सांडव्यावरून पाणी." नोव्हेंबर 2023 च्या पुढे, "पाऊस झाला, तळं अर्धंही नाही."

त्याच रविवारी आम्ही तळ्यात पाणी आणणाऱ्या पाटाने वर चालत गेलो. तमिळमध्ये त्याला 'वरत्तु वाय्क्काल' म्हणतात. अर्धा किलोमीटर गेल्यावर पाट संपला. खाणीच्या लॉऱ्यांसाठी तिथे मुरमाचा भराव टाकून रस्ता केला होता. खालून पाणी जायला ना पाइप, ना मोरी. रस्त्याच्या वरच्या बाजूला डबकं साचलं होतं आणि त्याचं जास्तीचं पाणी भलत्याच दिशेला, ओसाड जागेत, निघून गेलं होतं. खाणीच्या खड्ड्याने आमचं पाणी प्यायलं नव्हतं. खाणीच्या रस्त्याने ते अडवलं होतं.

पेरियवर बराच वेळ त्या डबक्याकडे बघत राहिले. मग नातीला म्हणाले, "लिहून घे."

हे कळल्यावर भांडणाची जात बदलली. खाण बंद करा, ही मागणी कुणी मान्य केली नसती आणि लॉरीवरच्या मुलांनी तिला विरोधच केला असता. पण पाटाखाली मोरी टाका, याला विरोध करायचं कुणालाच कारण नव्हतं. गावच्या नकाशात तो पाट सरकारी पोरंबोक जमीन म्हणून दाखवलेला होता. आम्ही नकाशाची प्रत, आलेख आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स घेऊन 15 ऑगस्ट 2024 च्या ग्रामसभेत गेलो. तिथे दोन तास वाद झाला. "हे आकडे तुम्हीच लिहिलेत" असंही ऐकावं लागलं. पेरियवर उठले आणि म्हणाले, "लाल ठिपका विहिरीवर आहे, टेप माझ्याकडे आहे, चला, आत्ता मोजू." कुणी मोजायला आलं नाही, पण आकड्यांवर पुन्हा कुणी शंकाही घेतली नाही. सप्टेंबरच्या शेवटी, पावसाच्या आधी, रस्त्याखाली सिमेंटचे मोठे पाइप बसले. ते बसवायला लॉरीवरची मुलंच आली होती.

जानेवारी 2025 मध्ये दूरची विहीर पुन्हा 14 फुटांवर होती आणि आमची 12 वर. खाणीजवळची 17 वर आली, म्हणजे खाणीआधीच्या आकड्यापेक्षा एक फूट कमी. त्या एका फुटावर आमची नजर आहे.

प्रत्येक खाण अशी नसते

आमच्या गावची गोष्ट वाचून कुणी असं समजू नये, की खाणी पाणी ओढतच नाहीत. खडीच्या खाणी शंभर-शंभर फूट आणि त्याहून खोल जातात. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की चारी बाजूंनी पाझर सुरू होतो आणि काम चालू ठेवायला पाणी उपसत राहावं लागतं. मग आजूबाजूची पातळी खड्ड्याकडे उतरत जाते. कठीण दगडात पाणी फक्त भेगांमध्ये असतं. ज्या विहिरीची भेग खाणीत उघडी पडली ती आटते, आणि तिच्या शेजारची तशीच भरलेली राहते. म्हणूनच लोकांची भांडणं लागतात. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, त्यामुळे अशा खाणीजवळ पातळीबरोबर पाण्यातलं नायट्रेटही तपासून घ्यावं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, नेयवेलीला. तिथे 1957 मध्ये लिग्नाइटची उघडी खाण खोदायला सुरुवात झाली आणि 1961 मध्ये लिग्नाइट हाती लागलं. पण त्या थराखाली प्रचंड दाबाखालचं पाणी होतं. ते कमी केलं नसतं तर खाणीचा तळ खालून फुटला असता. म्हणून तिथे अनेक विंधन विहिरींतून रात्रंदिवस पाणी उपसावं लागतं. ते वीजकेंद्राला, वसाहतीला आणि शेतीलाही पुरवलं जातं. उपसा किती करायचा हे ठरवायला आजूबाजूची पातळी सतत मोजत राहावी लागते. मोजणं म्हणजे खाणीशी वैर नव्हे. खाण चालवणाऱ्यालाही ते लागतंच.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी तर ही सोय अधिक जवळ आहे. तिथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुमच्या तालुक्यातल्या अशा विहिरीचे आकडे मिळाले तर तुम्हाला तयार 'चौथी विहीर' मिळाली असं समजा. हिवरे बाजारने पाऊस आणि विहिरी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय गावाला लावली, ते सर्वांना माहीत आहेच. कोकणात चिरेखाणींच्या आसपास राहणाऱ्यांनी आमच्यासारखंच आधी पाण्याच्या वाटा बघाव्यात. सड्यावरचं पाणी कुठून कुठे जातं ते एका पावसाळ्यात चालून पाहिलं तरी खूप कळतं.

कायद्याची बाजूही थोडी माहीत असावी. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी लागेल. त्यापूर्वी छोट्या खाणी त्यातून सुटत. परवानगीच्या पत्रात भूजलाच्या अटी लिहिलेल्या असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल खाणवाल्याला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. अशी पत्रं केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर बघायला मिळतात. त्यात कोणत्या विहिरी मोजल्या आहेत ते वाचा. आपल्या वहीतली विहीर त्यात असली तर आकडे ताडून बघा. नसली तर ती घ्या असं लेखी कळवा.

सुरुवात करायची असेल तर खाणीची वाट बघू नका. निदान एक पूर्ण वर्ष आधीचं हातात हवं, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा. तीन-चार विहिरी पुरतात, पण त्यांतली एक दूरची हवीच. घरातल्या शाळकरी मुलांना सोबत घ्या, त्यांचे डोळेही चांगले असतात आणि ती आकडा मनासारखा वाकवत नाहीत. दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाका. तारखेसह दहा-वीस फोनमध्ये राहिलेल्या आकड्याला नंतर कुणी "आत्ता लिहिलं" म्हणू शकत नाही. आणि शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नका.

आमच्या खाणीची मुदत आणखी काही वर्षांत संपेल. तेव्हा मागे एक मोठा खड्डा उरेल. त्यात पाणी साठवून विहिरींना फायदा होईल, की त्यात कचरा पडून विहिरी नासतील, ते तेव्हाच्या गावाने ठरवायचं आहे. पेरियवरांची नात आता मोठ्या वर्गात गेली आहे आणि टेप सोडायला तिच्या धाकट्या भावाला शिकवते आहे. पहिली वही भरली. दुसरी घेताना मी शंभर पानी उचलली होती. पेरियवरांनी ती परत ठेवायला लावली आणि दोनशे पानी घेतली.